पावण्याच्या वाटणीचं दूध

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी माझ्या दारात पिल्लू आणून सोडायचं. नातसुनेनं एकदा तसं केलं होतं. ते पिल्लू अंगावर चढायचं, पायांत घोटाळायचं, सारखं लाड मागायचं. चौथ्या दिवशी मी त्याला शेजाऱ्यांकडं पोचतं केलं. घरातले सगळे दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

ज्याच्याबद्दल लिहायला बसले आहे ते मांजरच होतं. पण मांजर म्हणून मला ते आठवत नाही. घरातलं एखादं तुसडं, सोवळं, कमी बोलणारं वडीलधारं माणूस आठवावं तसं ते आठवतं.

त्याला नाव नव्हतं. आक्कानं ठेवू दिलं नाही. आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि त्यामुळं आप्पांपासून मळ्यावरच्या गड्यापर्यंत सगळ्यांचीच आक्का. तिचं म्हणणं, नाव ठेवलं की मोह जडतो. आप्पा तिची खोडी काढायचे, "मग गाईला चंद्री म्हनतीस, त्यो मोह न्हाई व्हय?"

"गाय दूध देती. ह्ये काय देतंय?"

"बरं, मग पावणं म्हनू या. आलंय तसं जाईल."

तेव्हापासून ते पावणं. पावणं उठलं का, पावणं जेवलं का, पावणं कुठं दिसंना. गेलं मात्र नाही.

आमचा मळा निपाणी आणि सदलग्याच्या मधे. काळी जमीन, तंबाखू आणि जोंधळा, विहिरीच्या अंगाला थोडा ऊस. चार खणांचं कौलारू घर, भिंतीला भिंत लावून गोठा, आणि पलीकडं गुऱ्हाळाची खोप. त्या खोपीत जमिनीत खणलेलं चुलवाण होतं, काहिलीखाली जाळ घालायची मोठी भट्टी. तिचं तोंड एवढं की मी आत उकिडवी बसत असे. वर्षातले दोन महिने ते धगधगायचं, बाकीचे दहा महिने गार राख घेऊन पडून असायचं. पुढं जे झालं ते सगळं या चुलवाणात झालं, म्हणून एवढं सांगितलं.

पावणं आलं ते प्लेगच्या एका सालानंतर. सदलग्याकडच्या एका वस्तीवरचं कानडी घर त्या सालात पार बसलं. माणसं संपली, दार बंद झालं. उन्हाळ्यात एका सकाळी हे बांधाबांधानं चालत आमच्या दारात आलं आणि उंबऱ्याबाहेर पाठ करून बसलं. मळकट राखाडी रंग, एक कान फाटलेला, शेपटीला मधेच बाक. आईनं "ये, ये" म्हणून भाकरीचा तुकडा दाखवला तर ढिम्म हललं नाही. शेवटी गडी म्हणाला, "वहिनी, त्येला मराठी कुटं कळतंय?" आणि "बा, बा" म्हणून त्यानं कानडीत हाक मारली. तेव्हा कुठं ते उठलं, तुकडा हुंगला आणि खाल्ला. पुढं मराठी त्याला समजू लागली, पण हाक मात्र कानडीतच मारावी लागायची. आईनंही ते मान्य करून टाकलं.

आम्ही जैन, आणि आमच्या घरचं जैनपण आक्काच्या हातात. पाणी गाळून घ्यायचं, चालताना खाली बघायचं, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. दिवा लागला की कुणाच्या तोंडात घास जाणार नाही. पावण्याला आधी उपाशी राहावं लागलं, मग कळलं. आणि एकदा कळल्यावर ते आमच्याहून कडक झालं. दिवेलागणीनंतर एकदा गड्यानं त्याच्यापुढं दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली, तर त्यानं तोंड फिरवलं. सकाळपर्यंत तिला तोंड लावलं नाही. आप्पा ही गोष्ट बाजारात सांगायचे आणि लोक हसायचे.

हसणं त्याला खपत नसे. घरात कुणी मोठ्यानं हसलं की ते उठून चालू लागायचं. तंबाखूचा पाला झोडपायला घेतला की वाऱ्याची दिशा बघून बसायचं, तरी शिंकायचं, आणि शिंकल्यावर आमच्याकडंच रागानं बघायचं. मांडीवर कधी बसलं नाही. हात लावू दिला नाही. आक्का खुरपायला निघाली की तेही निघायचं, पण दोन सऱ्या सोडून, जणू त्याचं त्या बाजूला वेगळंच काम आहे. सकाळी आक्का सामायिकाला बसायची, म्हणजे दोन घटका हलायचं नाही, बोलायचं नाही, ध्यान करायचं. हे तिच्यामागं तिच्याकडं पाठ करून बसायचं. आप्पा म्हणायचे, "आक्का, तुझं मन मधीच सैपाकघरात जातंय. पावण्याचं बघ."

मला त्याच्या पाठ करण्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलं, "आक्का, ह्ये कवाच आपल्याकडं बघत न्हाई. ह्येला आपण आवडत न्हाई."

आक्का म्हणाली, "जनावर ज्याला भितंय त्याच्याकडं तोंड करून बसतंय गं. पाठ करतंय म्हंजे भ्यात न्हाई आपल्याला."

तिला स्वतःची म्हणून एकच आवड होती, दूध. संध्याकाळी धार काढली की ताजं, कोमट दूध ती आपल्या काशाच्या वाटीत घ्यायची आणि भाकरी कुस्करून, डोळे मिटून खायची. दिवसभर घराला धाकात ठेवणारी ती बाई तेवढा वेळ लहान मुलीसारखी दिसायची.

आल्यावर महिन्याभरात पावणं शिकारीला लागलं. एके सकाळी आक्का सामायिकातून उठते तोवर त्यानं एक उंदीर आणून तिच्यापुढं ठेवला. अजून धुगधुगी होती. आक्कानं त्याला चमच्यानं पाणी पाजलं, त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. उंदीर मेला. आक्कानं त्या दिवशी उपास केला. मांजराला मारणं तर शक्यच नव्हतं. तिनं त्याची पितळी चेपलेली वाटी पालथी घातली आणि दिवसभर त्याच्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा वाटी दोन दिवस पालथी राहिली, आणि आक्का आप्पांना म्हणाली, "आता आनी एक आणला तर मातूर त्येला गाडीतनं निपाणीच्या बाजारात सोडून ये. माझ्या घरात हिंसा नगं."

चौथा उंदीर आला नाही. एक आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा गेला. घरात मेलेला उंदीर दिसला नाही आणि जिवंतही दिसेनासे झाले. आक्काचा चेहरा उजळला. "त्येच्या निसत्या वासानं पळत्यात," ती सांगायची, "जीव कुणाचा जात न्हाई." बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, उपाध्यांनी तिच्या मांजराचं उदाहरण दिलं. आक्कानं आयुष्यात गर्व केला असेल तर तो एवढाच. पाहुणेरावळे पावण्याला बघायला मळ्यावर येऊ लागले आणि ते त्यांना पाठ दाखवू लागलं.

खरं काय ते एकट्या मला माहीत होतं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. लपाछपी खेळायला माझ्याबरोबर कुणी नव्हतं, म्हणून मी एकटीच लपत असे. चुलवाणाच्या तोंडाशी गेले तर आत हे बसलेलं, पुढ्यात अर्धा उंदीर. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याला शिकार सोडायची शिकवण मिळाली नव्हती. घरात आणायची नाही, एवढीच मिळाली होती. ते मागच्या खिडकीतून उंदीर न्यायचं, चुलवाणात खायचं, तोंड साफ करायचं आणि मग सामायिकाला येऊन बसायचं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची रवानगी निपाणीच्या बाजारात झाली असती. मळ्यावर मला दुसरं कोण होतं? दोन वर्षं मी ती राख अधूनमधून काठीनं सारखी करत असे, शेपट्या वर दिसू नयेत म्हणून. आमच्या दोघांचं ते गुपित होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मग ते साल आलं. श्रावणातच बातमी आली की सदलग्यात उंदीर पडायला लागले. त्या काळात हे सगळ्यांना पाठ होतं: घरात आपोआप मेलेला उंदीर दिसला की त्याच पावली घर सोडायचं, रानात खोप घालून राहायचं. उंदीर आधी मरायचे, माणसं मागनं. सदलगं उठलं, लोक रानात गेले. आम्ही आधीच रानात होतो, त्यामुळं आप्पा निर्धास्त. तरी रोज सकाळी ते काठी घेऊन धान्याच्या कणगीमागं, माळ्यावर, गोठ्यात, सगळीकडं बघायचे.

गडी म्हणाला, "मालक, बांधाला खोप घालून ठिवू या का?"

"उंदीर पडल्याबिगर कशाला? समदं साफ हाय घर."

"पावणं हाय की," आक्का म्हणायची.

भाद्रपदात आमचं पर्व असतं, दहा दिवसांचं. कुणी एक वेळ जेवतं, कुणी नुसत्या पाण्यावर राहतं, आणि लहान मुलंसुद्धा काही ना काही सोडतात. मी गूळ सोडला होता. संध्याकाळी आक्का गोष्टी सांगायची, त्यात वाघ-सिंहसुद्धा व्रत घ्यायचे, शिकार सोडून वाळक्या पाल्यावर राहायचे, आणि पुढच्या जन्मी मोठ्या पदाला जायचे. मी कान देऊन ऐकायची.

पर्वाच्या तिसऱ्या दिवशी मी चुलवाणापाशी गेले. आत दोन उंदीर होते. अख्खे. पावणं त्यांच्याकडं पाठ करून बाहेर बसलं होतं. चौथ्या दिवशी आणखी एक. तोही अख्खा, दात न लावलेला. पाचव्या दिवशी आणखी दोन.

मला वाटलं, पावण्यानं पर्वाचा नेम धरला आहे. ते उंदीर मारतं, सवयीनं मारतं, पण खात नाही. उपास करतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच मातीत बसले आणि त्याला हात जोडून नमस्कार केला.

आक्काला सांगावंसं फार वाटलं. पण उपास सांगायचा तर उंदीरही सांगावे लागणार होते. मी ठरवलं, दहा दिवस पुरे होऊ देत. पर्व संपलं की आक्काला हाताला धरून इथं आणायचं आणि दाखवायचं. मग ती त्याला कधीच सोडायची नाही. रोज सकाळी आप्पा "साफ हाय" म्हणत परत यायचे, आणि मी मनातल्या मनात हसायची.

आई रोज पहाटे कणगीशेजारच्या जात्यावर बसायची. आठव्या दिवशी ती दळता दळता थांबली आणि भिंतीला टेकली. अंग भाजत होतं. दुपारी जांघेत गाठ दिसली. मला गड्याच्या बायकोबरोबर चिंचेखाली पाठवलं. तिथून घराचं फक्त कौल दिसायचं. आई तिसऱ्या दिवशी गेली, अनंत चतुर्दशीला, पर्व संपलं त्या दिवशी.

खोप आता घातली. घर मोकळं करताना आप्पांना सुचेना की हे आलं कुठून, घरात तर एक उंदीर पडला नाही. ते वेड्यासारखे कोपरा न् कोपरा उचकत होते. उचकत उचकत गुऱ्हाळापाशी गेले. चुलवाणात नऊ उंदीर होते. एकालाही दात लागलेला नव्हता, सगळे आपोआप मेलेले.

पावणं तिथंच बसलं होतं. आप्पांनी काठी उचलली. आक्का धावत जाऊन मधे उभी राहिली.

"आक्का, बाजूला हो."

"हुत न्हाई."

"ह्येनं लपीवलं. समदं हितं आणून लपीवलं. कणगीपाशी एक जरी दिसला असता, एकच, तर त्याच सकाळी भाईर काढलं असतं गं मी तिला."

"लपवायला त्येला कुणी शिकीवलं? वाटी कुणी पालथी घातली? म्या घातली. मारायचं असंल तर मला मार."

आप्पांनी काठी टाकली आणि ते चुलवाणाच्या काठावर बसले. मोठ्या माणसाला असं रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मी दहा हातांवर उभी होते. मी बोलले नाही. आई गेली होती, आणि आता बोलले असते तर आप्पाही गेले असते, असं काहीसं मला वाटत होतं.

सुतक फिटल्यावर आक्का बस्तीत गेली आणि उपाध्यांसमोर तिनं नेम घेतला. दूध, दही, तूप, जन्मभर बंद. संध्याकाळी धार काढली की ती आपल्या काशाच्या वाटीत मापून दूध घ्यायची आणि ते सगळं पावण्याच्या चेपलेल्या वाटीत ओतायची. मग कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळायची. डोळे उघडे ठेवून.

आप्पांनी मांजराला घालवलं नाही. पण त्याला पावणं म्हणणं सोडलं. ते नजरेसमोर आलं तर आप्पा दुसरीकडं बघायचे.

आक्कानं त्याला उलटं शिकवायचा फार प्रयत्न केला. सकाळी सामायिक सोडून ती कणगीपाशी बसायची. वाटी सुलटी, भरलेली, शेजारी ठेवलेली. "आण बाबा," ती म्हणायची, "हितं आण. मी काय म्हननार न्हाई. बा, बा." पावणं तोंडात उंदीर घेऊन तिच्याकडं क्षणभर बघायचं आणि खिडकीतून चुलवाणाकडं जायचं. एकदा शिकलं ते शिकलं. आमच्या घरात आक्काची शिकवण कुणीच मोडत नसे.

शेवटी तीच जाऊ लागली. रोज सकाळी, काठी घेऊन, चुलवाणापाशी. मुंगी चुकवून पाय टाकणारी माझी आक्का वाकून, काठीनं मेलेले उंदीर उलटेपालटे करून बघायची. मग अंघोळ करायची आणि आप्पांना सांगायची, "आज एक. खाल्लेला हाय." हे सांगताना तिचा श्वास मोकळा व्हायचा. एका उंदरासाठी दिवसभर उपास करणारी बाई, उंदीर खाल्लेला आहे म्हणून सुस्कारा टाकत होती. मला ते बघवत नसे. पण तीन वर्षं तिची एकही सकाळ चुकली नाही, तापातसुद्धा.

त्या तीन वर्षांत मी पावण्याशी बोलणं सोडलं होतं. त्याला काही फरक पडला नाही. ते पहिल्यासारखंच दोन सऱ्या सोडून चालायचं, शिंकायचं, पाठ करून बसायचं. माझ्या जवळच बसायचं. मी उठून जायची.

चौथ्या वर्षी, दसऱ्यानंतर, आक्का चुलवाणाकडून परत आली ती अंघोळीला गेलीच नाही. अंगणातूनच म्हणाली, "दोन हाईत. दात लागला न्हाई. चला."

गाडी जुंपायला लागतो तेवढ्या वेळात आम्ही घराबाहेर होतो. पूर्वेच्या बांधाला, घरापासून हाकेच्या अंतरावर, खोप घातली. त्या साली आमच्या आसपासच्या तीन वस्त्यांवर माणसं गेली. आमच्यातलं कुणी गेलं नाही.

पावण्याला खोपीत घ्यायचं नाही, हे आप्पांनी सांगितलं आणि आक्कानं ऐकलं. त्याच्या तोंडात काय काय आलं असेल कुणास ठाऊक. अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड होता. आक्का रोज दिवस मावळायच्या आधी दूध मापून तिथल्या वाटीत ओतून यायची. ती मागं फिरली की ते यायचं, प्यायचं आणि चुलवाणाकडं परत जायचं. पाचव्या दिवशी आलं नाही. सहाव्या दिवशी दूध तसंच होतं, वर धुळीची साय धरलेली.

सकाळी ऊन पडल्यावर ते दिसलं, चुलवाणाच्या तोंडाशी, आमच्याकडं पाठ करून. मान वाकडी, हनुवटीखाली लिंबाएवढी गाठ. आप्पा खोपीच्या दारात उभे होते. कितीतरी वेळ बघून म्हणाले, "पावणं बसलंय व्हय तितं?" तीन वर्षांत पहिल्यांदा.

आक्का घोंगडं घेऊन गेली आणि त्याच्यापासून वीस पावलांवर बसली. याच्या पुढं जाणार नाही, असं आप्पांना वचन देऊन. तिनं णमोकार म्हणायला सुरुवात केली, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं. मरणाऱ्याच्या कानावर ते पडावं लागतं. जेवणवेळ झाली तरी ती उठली नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

पावण्यानं एकदाच मान वळवली. आमच्याकडं बघितलं, आणि पुन्हा पाठ केली.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "आक्का, त्या साली मी बघितलं हुतं. आईच्या आदी पाच दिवस. उंदीर अख्खं हुतं. मला वाटलं ह्येनं पर्व धरलंय. ह्येला घालवशील म्हनून मी सांगितलं न्हाई."

आक्का थांबली. कुठल्या ओळीवर थांबली ते मला आजही आठवतं. मग तिनं ती ओळ पहिल्यापासून म्हटली आणि पुढं म्हणत राहिली. माझ्याकडं बघितलं नाही. दुपारनंतर पावणं कलंडलं. आक्कानं तरी जप पुरा केला आणि मग उठली.

आप्पांनी आणि गड्यानं लांबूनच माती ढकलून चुलवाण बुजवलं. पुढच्या हंगामात दुसरीकडं नवं खणलं. साथ ओसरल्यावर लोक येऊ लागले. पावण्यानं अन्नपाणी सोडून समाधी घेतली, असं कुणीतरी उठवलं होतं, आणि दोघीतिघी नारळसुद्धा घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं, घशाला गाठ होती, गिळवत नव्हतं, म्हणून खाल्लं नाही. बायकांना राग आला. पण मी एकदा फसले होते, पुन्हा फसणार नव्हते.

पावणं गेलं त्या दिवशी संध्याकाळी आक्कानं अंघोळ केली, धार काढली. सवयीनं काशाची वाटी घेऊन दूध मापलं आणि दगडाच्या वाटेला लागली. चार पावलं गेली आणि थांबली. कितीतरी वेळ ती तशीच बांधावर उभी होती, हातात भरलेली वाटी घेऊन. मी खोपीच्या दारात बसून तिची पाठ बघत होते. ती आता आप्पांना सांगणार, मला वाटत होतं. आता मला मामाकडं धाडणार. तीन वर्षांपूर्वी मांजराला बाजारात सोडतील म्हणून जशी भ्याले होते तशीच मी भ्याले.

ती परत आली आणि तिनं वाटी माझ्यापुढं ठेवली.

"पी."

"आक्का, ह्ये पावण्याचं हाय."

"पावण्याला बी मीच शिकीवलं हुतं," ती म्हणाली. "तुला बी मीच."

मला वाटी उचलवेना. दूध कोमट होतं, काशाला त्याची ऊब आली होती. बांधापलीकडं सूर्य टेकला होता.

"दिवस चाललाय खाली. पी लवकर."

मी वाटी तोंडाला लावली. आक्का माझ्या शेजारी जमिनीवर बसली, माझ्याकडं पाठ करून. मी शेवटचा घोट घेईपर्यंत ती हलली नाही.